नौपाड्यातील दुकानातला साउंडबॉक्स : आवाज स्पष्ट, भाड्याचा हिशेब मात्र अस्पष्ट

ठाण्यात नौपाड्याला आमचे स्टेशनरी आणि झेरॉक्सचे दुकान आहे. ते सासऱ्यांनी सुरू केले आणि आता मुख्यतः मी चालवते. जून २०२२ मध्ये, शाळा उघडण्याच्या ऐन धामधुमीत, आम्ही एका मोठ्या पेमेंट कंपनीचा साउंडबॉक्स, म्हणजे यूपीआयने पैसे जमा झाले की रक्कम बोलून सांगणारा डबा, भाड्याने घेतला आणि तेव्हापासून तो गल्ल्याच्या डाव्या बाजूला, पेनांच्या बरण्यांशेजारी उभा आहे. साडेतीन वर्षांच्या वापरानंतर त्याच्याविषयी सविस्तर लिहावे असे वाटले, कारण यंत्राच्या गुणवत्तेपेक्षा त्याची किंमत कशी ठरते आणि कशी वसूल होते याबद्दल दुकानदारांमध्ये फार कमी बोलले जाते. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही. आजूबाजूच्या दुकानदारांकडे तीन-चार वेगवेगळ्या कंपन्यांचे डबे आहेत आणि त्यांचेही अनुभव आमच्यासारखेच आहेत.

आधी हे यंत्र का घ्यावे लागले ते सांगते. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात दुकानासमोर एका वेळी दहा-बारा पालक उभे असतात. वह्यांचा गठ्ठा, कव्हरचा रोल, कंपासपेटी असा माल बांधून देता देता समोरचा माणूस मोबाईल वर करून हिरवी खूण दाखवतो आणि निघतो. ती खूण आजची आहे की कालची, आपल्याच खात्याची आहे की दुसऱ्या कुणाची, हे त्या गर्दीत पाहणे शक्य नसते. हुबेहूब पैसे गेल्याचा पडदा दाखवणारी बनावट ॲप्स आहेत, हे आता प्रत्येक दुकानदाराला ठाऊक आहे. शिवाय दुपारी दोन ते पाच या वेळेत गल्ल्यावर सासरे बसतात. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही मोबाईलवरचा बारीक मजकूर त्यांना वाचवत नाही. ज्या व्यवहारात पैसा हाताला लागत नाही आणि डोळ्यांनाही दिसत नाही, तो निदान कानाला कळावा, एवढीच आमची अपेक्षा होती.

ती अपेक्षा या डब्याने पूर्ण केली आहे. बसवायला आलेल्या मुलाने भाषा हिंदी ठेवली होती, ती ॲपमध्ये जाऊन मी मराठी केली. आवाज बाईचा, स्पष्ट आणि शांत आहे. गोखले रोडच्या बाजूने बसचा हॉर्न वाजत असतानाही पूर्ण आवाजावर ठेवला तर रक्कम ऐकू येते. एकच अडचण नेहमी येते, ती ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ यांची. दोन्ही शब्दांची सुरुवात सारखी असल्यामुळे रहदारीत फक्त पहिला भाग कानावर पडतो आणि दहा रुपयांचा फरक राहून जातो. अशा वेळी मागच्या बाजूचे बटण दाबले की शेवटची रक्कम पुन्हा सांगितली जाते, पण ते बटण आहे हे आम्हाला चार महिन्यांनी समजले, कारण सोबत दिलेले पत्रक इंग्रजीत होते. बॅटरी आमच्या वापरात चार दिवस सहज पुरते आणि पावसाळ्यात वीज गेली तरी डबा बंद पडत नाही. साडेतीन वर्षांत एकदाच यंत्र बदलावे लागले आणि ते दोन दिवसांत, विनाशुल्क बदलून मिळाले.

या यंत्राचे काम कसे चालते हे समजून घेतले तर त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवायची हेही समजते. ग्राहकाच्या फोनचा आणि या डब्याचा एकमेकांशी थेट संबंध नसतो. ग्राहकाने स्कॅन केले की विनंती त्याच्या ॲपमधून, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या यंत्रणेकडे, तिथून त्याच्या बँकेकडे आणि मग आमच्या बाजूच्या बँकेकडे जाते. पैसे जमा झाल्याची खबर कंपनीच्या सर्व्हरला मिळते आणि सर्व्हर ती डब्यातल्या सिमकार्डाच्या नेटवरून इथे पाठवतो. म्हणून डबा गप्प राहिला याचा अर्थ पैसे आले नाहीत असा होत नाही. आमच्या दुकानाच्या आतल्या भागात, जिथे झेरॉक्सचे यंत्र आहे, तिथे सिमला रेंजच मिळत नाही आणि डबा तिथे ठेवला तर पाच-पाच मिनिटे उशिरा बोलतो.

१२ एप्रिल २०२५ रोजी, शनिवारी, देशभर यूपीआयचे व्यवहार अडखळले होते. त्या दिवशी आमचा डबा दुपारभर जवळजवळ मुका होता, ग्राहक पुन्हा पुन्हा स्कॅन करत होते आणि सासरे प्रत्येकाला थांबवून ठेवत होते. नंतर एनपीसीआयच्या तपासात असे पुढे आले की काही बँकांकडून व्यवहाराची स्थिती विचारणाऱ्या विनंत्यांचा पूर आल्यामुळे यंत्रणेवर ताण पडला होता. त्या दिवसाचा दोष मी डब्याला देत नाही. पण कंपनीच्या ॲपवर ‘सध्या यूपीआयमध्ये अडचण आहे’ एवढी एक ओळ जरी झळकली असती, तरी दुकानात जी बाचाबाची झाली ती टळली असती.

आता किंमत, आणि माझ्या मते या परीक्षणाचा खरा विषय तोच आहे.

डबा घेताना कंपनीच्या मुलाने सांगितले की पहिले तीन महिने मोफत आणि नंतर महिना १०० रुपये. १०० रुपयांवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे प्रत्यक्षात ११८ रुपये, हे त्याने सांगितले नाही. आमचे दुकान कंपोझिशन योजनेत, म्हणजे लहान व्यापाऱ्यांनी उलाढालीवर ठराविक दराने जीएसटी भरण्याच्या सोयीत आहे, त्यामुळे या जीएसटीचा परतावा आम्हाला मिळत नाही आणि तो पूर्णपणे आमचाच खर्च ठरतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून पेन्सिल, खोडरबर आणि वह्यांवरचा जीएसटी शून्य झाला, ही आमच्यासारख्या दुकानांसाठी मोठी दिलाशाची गोष्ट झाली. त्याच पेन्सिलीचे पाच रुपये आल्याचे सांगणाऱ्या यंत्राच्या भाड्यावर मात्र १८ टक्के कायम आहेत, याचाही कधीतरी विचार व्हावा असे मला मनापासून वाटते.

रकमेपेक्षा मला खटकली ती वसुलीची पद्धत. हे भाडे महिन्याला एकदा मागितले जात नाही. दिवसभराची जी रक्कम दुसऱ्या दिवशी बँकेत जमा होते, तिच्यातूनच त्या दिवसाचा वाटा कापला जातो. सासऱ्यांना रोजचा हिशेब लाल कापडी बांधणीच्या वहीत लिहिण्याची सवय आहे. ॲपमधली एकूण रक्कम ते मला वाचायला सांगतात, शेजारी बँकेत आलेली रक्कम लिहितात आणि वजाबाकी करतात. कितीतरी महिने ती वजाबाकी ३ रुपये ९३ पैसे येत होती. २०२४ मध्ये एके सकाळी मी ३,८४२ रुपये वाचले, बँकेच्या संदेशात ३,८३७ रुपये ८ पैसे होते आणि फरक ४ रुपये ९२ पैसे निघाला. सासऱ्यांनी तीनदा वजाबाकी करून पाहिली. भाडे १०० वरून १२५ झाल्याचे, म्हणजे करासह १४७ रुपये ५० पैसे झाल्याचे आम्हाला असे कळले. ॲपमध्ये कुठेतरी सूचना आली असेलही, पण कर्जाच्या, विम्याच्या आणि सोन्याच्या जाहिरातींच्या खाली ती आमच्या नजरेस पडली नाही.

इथे नियमांतली एक उणीव मला स्पष्ट दिसते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कार्ड, वॉलेट किंवा यूपीआयवरून दर महिन्याला आपोआप पैसे कापले जाणार असतील तर कापण्यापूर्वी किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना द्यावी लागते. हे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून पूर्णपणे लागू आहेत आणि त्यामुळे घरातल्या टीव्हीच्या ॲपचे पैसे जाण्याआधी मला संदेश येतो. पण डब्याचे भाडे आमच्या खात्यातून कापले जात नाही, तर ते खात्यात येण्याआधीच वळते केले जाते. पैसे खात्यातून गेलेच नाहीत, म्हणून पूर्वसूचनाही नाही. दुकानदाराच्या दृष्टीने दोन्हींचा परिणाम एकच असताना एका वसुलीला संरक्षण असावे आणि दुसरीला नसावे, याचे कारण मला सापडत नाही.

मुळात ही भाड्याची व्यवस्था का निर्माण झाली, याचाही विचार करायला हवा. यूपीआय एप्रिल २०१६ मध्ये मुंबईत सुरू झाले आणि त्याच वर्षीच्या ८ नोव्हेंबरच्या नोटाबंदीनंतर ते आमच्यासारख्या दुकानांपर्यंत पोचले. कार्डाच्या व्यवहारात दुकानदाराकडून बँक जे शुल्क घेते त्याला एमडीआर म्हणतात. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्ड यांच्यावरचा एमडीआर शून्य करण्यात आला आणि त्यासाठी २००७ च्या पेमेंट ॲण्ड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्यात कलम १०ए घालण्यात आले. थेट किंवा अप्रत्यक्ष, कसलेही शुल्क आकारायचे नाही, असे ते कलम सांगते. ऑगस्ट २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने पेमेंट व्यवस्थांवरील शुल्काविषयी चर्चापत्र काढले तेव्हा बाजारात मोठी धास्ती पसरली होती, पण अर्थ मंत्रालयाने चार दिवसांतच यूपीआयवर शुल्क लावण्याचा विचार नसल्याचे जाहीर केले. जून २०२५ मध्ये पुन्हा तशी बातमी पसरली आणि पुन्हा मंत्रालयाने ती फेटाळली. त्यानंतरच्या महिन्यात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी मात्र या व्यवस्थेचा खर्च कुणीतरी सोसावाच लागेल, असे सूचित केले.

तो खर्च खराच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयने एका महिन्यात २,००० कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला. एवढ्या व्यवहारांसाठी सर्व्हर लागतात, माणसे लागतात, फसवणूक शोधणारी यंत्रणा लागते. सरकार त्यासाठी प्रोत्साहन रक्कम देते. २०२४-२५ साठी मंत्रिमंडळाने सुमारे १,५०० कोटी रुपयांच्या योजनेला मंजुरी दिली आणि तीत लहान व्यापाऱ्यांच्या २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारांवर ०.१५ टक्के रक्कम बँकांना व त्यांच्या भागीदारांना देण्याचे ठरले. या योजनेतली एक अट मला विशेष आवडली. दाव्याच्या ८० टक्के रक्कम बिनशर्त मिळते, उरलेल्या २० टक्क्यांपैकी १० टक्के मात्र बँकेची यंत्रणा ९९.५ टक्क्यांहून अधिक वेळ चालू असेल तरच, आणि १० टक्के तांत्रिक कारणाने फसलेले व्यवहार ०.७५ टक्क्यांच्या आत असतील तरच मिळतात. सेवेच्या दर्जाशी पैशाची अशी गाठ घातलेली क्वचितच दिसते.

तरीही कंपन्यांचा खर्च आणि नफा या प्रोत्साहन रकमेतून निघत नाही, आणि म्हणून व्यवहारावर शुल्क घेता येत नसेल तर यंत्रावर भाडे घ्यायचे, हा मार्ग निघाला. भाडे यंत्राचे आहे, व्यवहाराचे नाही, त्यामुळे ते कायद्याच्या बंदीत बसत नाही. मला त्यात गैर काही वाटत नाही. यंत्र खरे आहे, सिमकार्डाचा खर्च खरा आहे, आणि कुणी फुकट द्यावे अशी माझी मागणी नाही. माझा आक्षेप असा की, सर्वांना सारखे भाडे म्हणजे सर्वांवर सारखा भार नव्हे.

हे मला आमच्या दुकानाच्या पायरीशेजारी बसणाऱ्या फुलवाल्या मावशींमुळे उमगले. त्यांनी आमचा डबा पाहूनच तसाच डबा घेतला होता. एक दिवस गजरा घेताना त्या मला म्हणाल्या, “ताई, हे डबडं माझ्या गल्ल्यातून रोज पाच रुपये खातं. गिऱ्हाईक येवो न येवो, याचे पाच ठरलेलेच.” त्यांच्याकडे यूपीआयने दिवसाला चारेकशे रुपये येतात, आमच्याकडे चारेक हजार. महिन्याचे २६ दिवस धरले तर आमचे १ लाख ४ हजार होतात आणि त्यावर १४७ रुपये ५० पैसे म्हणजे सुमारे ०.१४ टक्के. मावशींचे १०,४०० रुपये होतात आणि तेवढेच भाडे त्यांच्यासाठी सुमारे १.४ टक्के ठरते. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१७ मध्ये वर्षाला २० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या दुकानदारांसाठी डेबिट कार्डावरचा एमडीआर जास्तीत जास्त ०.४० टक्के ठरवला होता. म्हणजे ज्या व्यवहारावर कायद्याने शुल्क शून्य आहे, त्या व्यवहाराची बातमी ऐकण्यासाठी फूटपाथवरची बाई कार्डाच्या कमाल दराच्या तिपटीहून अधिक मोजते आहे. हे गणित मी मावशींना सांगितले तेव्हा त्यांनी टक्केवारीकडे लक्ष दिले नाही, पण “म्हणजे तुमच्यापेक्षा मला दहापट पडतंय” हे त्यांनी लगेच ओळखले.

मार्च २०२५ मध्ये पेमेंट्स कौन्सिल ऑफ इंडिया या उद्योगसंस्थेने मोठ्या व्यापाऱ्यांकडून यूपीआयवर ०.३ टक्के एमडीआर घेऊ द्यावा अशी मागणी पंतप्रधानांकडे केली होती. आमच्या ओळीतले बहुतेक दुकानदार या कल्पनेला सरसकट विरोध करतात. त्यांची भीती मला समजते, कारण आज मोठ्यांना लावलेला दर उद्या आपल्यापर्यंत येणारच, असे त्यांना वाटते. तरीही माझे मत त्यांच्यापेक्षा वेगळे आहे. मॉलमधल्या मोठ्या दालनांनी उलाढालीच्या प्रमाणात थोडे शुल्क भरावे, लहान दुकानांची मर्यादा कायद्यात आकड्यासह लिहिली जावी, आणि त्या बदल्यात एका ठराविक उलाढालीखालच्या विक्रेत्यांना डबा नाममात्र भाड्यात मिळावा, ही व्यवस्था आजच्यापेक्षा न्याय्य ठरेल. आज सर्वांत मोठ्या व्यापाऱ्याला यूपीआय शून्य टक्क्याने पडते आणि सर्वांत लहान विक्रेतीला दीड टक्क्याच्या घरात.

स्पर्धेमुळे भाडे आपोआप उतरेल, असे काही जण म्हणतात. यूपीआयच्या एकूण व्यवहारांपैकी सुमारे ऐंशी टक्के व्यवहार फोनपे आणि गूगल पे या दोन ॲप्सवरून होतात. कोणत्याही एका ॲपचा वाटा ३० टक्क्यांच्या वर जाऊ नये, असे एनपीसीआयने नोव्हेंबर २०२० मध्ये ठरवले होते, पण ती मुदत वाढत वाढत आता ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत गेली आहे. डब्यांच्या बाजारात काही बँकाही उतरल्या आहेत, हे खरे. मी दोन बँकांकडे चौकशी केली, तेव्हा एकीने चालू खात्यात मोठी शिल्लक ठेवण्याची अट घातली आणि दुसरीने यंत्र नोंदवून घेतले, पण ते महिनाभर आलेच नाही.

आता डबा परत करण्याचा अनुभव सांगते, कारण या सेवेचा सर्वांत कच्चा भाग तोच निघाला. २०२४ मध्ये झेरॉक्सच्या बाजूसाठी आम्ही दुसरा डबा घेतला होता. रेंज मिळत नसल्यामुळे तो निरुपयोगी ठरला आणि पुढच्या वर्षी तो परत करायचे ठरवले. घेताना पंधरा मिनिटांत सारे आटोपले होते. परत करताना ॲपमध्ये तसा पर्यायच सापडेना. मदतीच्या चॅटवर तयार उत्तरे येत होती, तीही हिंदी आणि इंग्रजीत. ज्या मुलाने डबा बसवला होता त्याने नोकरी सोडली होती. शेवटी दुसरा मुलगा आला, डबा पिशवीत घालून घेऊन गेला आणि “काम झालं, मॅडम” म्हणाला. पावती मागितली तर “ॲपवर येईल” असे सांगितले. ती आली नाही, आणि पुढचे दोन महिने त्या डब्याचे भाडे कापले जातच राहिले. २९५ रुपये ही मोठी रक्कम नाही, पण ती परत मिळवण्यासाठी मला पाच वेळा फोन करावा लागला, दोन ईमेल लिहावे लागले आणि सासऱ्यांच्या वहीची छायाचित्रे पाठवावी लागली. पैसे परत आले, हे प्रामाणिकपणे नमूद करते. पण रोजची वजाबाकी करणारा माणूस घरात नसता तर ती वसुली आमच्या लक्षातही आली नसती.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न्स’, म्हणजे ॲप किंवा संकेतस्थळावर ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या क्लृप्त्या, रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि अशा १३ प्रकारांची यादी दिली. सेवा घेणे सोपे आणि सोडणे अवघड करून ठेवणे, म्हणजे ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’, हा त्यांतलाच एक प्रकार आहे. आमच्या बाबतीत घडले ते याच वर्णनात बसते असे मला वाटते. अडचण अशी की, व्यापारी कारणासाठी सेवा घेणारा माणूस ग्राहक संरक्षण कायद्यातल्या ‘ग्राहक’ या व्याख्येतून सहसा वगळला जातो. पोट भरण्यासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याने विकत घेतलेल्या वस्तूंना त्यात सवलत आहे, पण डबा विकत घेतलेला नसतो, भाड्याचा असतो. फुलांच्या टोपलीशेजारी ठेवलेल्या डब्यापायी एखाद्या बाईला मोठी व्यापारी समजणे कायद्याच्या मूळ हेतूला धरून नाही, आणि या व्याख्येत स्पष्टता आणायला हवी.

दुसरीकडे, चांगला नियम कसा असतो याचे उदाहरणही याच ॲपमध्ये आहे. आमचे व्यवहार पाहून कंपनी आठवड्यातून दोन-तीनदा कर्जाचा प्रस्ताव दाखवते. मागच्या वर्षी जूनच्या मालासाठी मी तो तपासून पाहिला. तिथे मला मुख्य तथ्यांचे विवरणपत्र मिळाले, ज्यात व्याजाचा वार्षिक दर, सर्व शुल्के आणि हप्ते एकाच ठिकाणी लिहिलेले होते. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या अशा नव्या कर्जांसाठी हे विवरण सक्तीचे केले आहे आणि ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत असावे लागते. ते वाचून, दर आमच्या पतपेढीपेक्षा बराच जास्त असल्याचे पाच मिनिटांत समजले आणि मी कर्ज घेतले नाही. कर्जासाठी जे एका पानात मांडता येते, ते डब्यासाठी का मांडता येऊ नये? भाडे किती, कर किती, कधी वाढू शकते, वाढण्याआधी किती दिवस कळवणार, परत करायचा असेल तर कुणाला सांगायचे आणि भाडे कोणत्या दिवसापासून थांबणार, एवढा मजकूर मराठीत अर्ध्या पानात मावतो.

नवीन डबा घेणाऱ्या ठाण्यातल्या दुकानदारांना मी एवढेच सांगेन की, गर्दीचे दुकान असेल, गल्ल्यावर वयस्कर माणूस बसत असेल किंवा एकाच माणसाला माल देणे आणि पैसे घेणे दोन्ही करावे लागत असेल, तर डबा जरूर घ्यावा. पण घेण्यापूर्वी, जिथे तो ठेवायचा आहे त्याच जागेवर आपल्या मोबाईलची रेंज पाहावी आणि कराचा आकडा धरूनच भाडे विचारावे. स्कॅनरचा कागद ग्राहकाच्या हाताला सहज लागेल असा बाहेर चिकटवू नये, कारण त्यावर दुसरा कागद चिकटवून पैसे वळवण्याचे प्रकार होतात आणि तेव्हा डबा गप्प राहतो. ज्यांचे यूपीआयचे उत्पन्न दिवसाला पाचशेच्या आत आहे त्यांनी मात्र आधी गणित मांडावे. बँकेचा संदेश आणि फोनचा मोठा आवाज यांवर त्यांचे काम भागू शकते.

यंत्र म्हणून या डब्याला मी पाचापैकी चार गुण देईन, विक्रीनंतरच्या सेवेला दोन, आणि भाडे सांगण्याच्या व कापण्याच्या पद्धतीला एक. आम्ही पहिला डबा ठेवला आहे आणि पुढेही ठेवणार आहोत. सासरे दुपारी निर्धास्त बसू शकतात, एवढ्या एका गोष्टीसाठी मला १४७ रुपये ५० पैसे जास्त वाटत नाहीत.

मावशींनी मागच्या आठवड्यात त्यांचा डबा परत केला. कंपनीचा मुलगा आला तेव्हा त्यांनी मला दुकानातून हाक मारली. मी एका कोऱ्या पानावर डब्याचा क्रमांक, तारीख, वेळ आणि ‘आजपासून भाडे बंद’ असे लिहिले. त्या मुलाने आधी थोडी कुरकूर केली, मग सही केली आणि खाली स्वतःचा मोबाईल नंबरही लिहून दिला. त्या पानाची झेरॉक्स काढून मूळ प्रत मावशींनी पिशवीत ठेवली. आता त्यांच्या नातवाच्या फोनवर पैशांचा संदेश आला की तो टोपलीमागून मोठ्याने रक्कम वाचून सांगतो.